वार्धक्य हे आजारांचे मूळ की केवळ पार्श्वभूमी?

जास्वंद:
गेल्या पावसाळ्यात आईला नागीण झाली. कमरेच्या उजव्या बाजूला फोडांचा पट्टा उठला आणि सुती पातळाचा स्पर्शही तिला सोसवेना. हा विषाणू बाहेरून आलेला नव्हता. लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हापासून तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून होता आणि इतकी वर्षे तिच्या टी-पेशींनी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींनी, त्याला डोके वर काढू दिले नव्हते. वयाबरोबर तो पहारा ढिला पडला. म्हणूनच हृदयविकार, कर्करोग, मोतीबिंदू यांच्यामागे एकेक करून धावण्यापेक्षा संशोधनाचा पैसा मुळाशी, म्हणजे वार्धक्याच्या प्रक्रियेवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. पेशी ठरावीक वेळा विभागल्या की थांबतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. अशा थांबलेल्या, म्हणजे वृद्ध, पेशींपैकी काही मरत नाहीत, तर आजूबाजूला दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडत राहतात. अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांमधून अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २०११ मध्ये या पेशी काढल्या, तेव्हा मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज दोन्ही लांबली.

दीपमाळ:
आईंना आता आराम असावा, ही इच्छा. मात्र आपले उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. नागिणीवरच्या नव्या लसीने चाचण्यांत सत्तरीपुढच्या लोकांनाही सुमारे ९० टक्के संरक्षण दिले, आणि त्यासाठी कोणाचे वार्धक्य थांबवावे लागले नाही.
माझा विरोध अनुभवातूनही आला आहे. वडिलांची चाल अडखळू लागली, नावे आठवेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर ‘वयोमानानुसार’ एवढेच लिहिले. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि ब-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता निघाली. ते आठ महिने आम्हाला परत मिळाले नाहीत. वार्धक्यालाच कारण मानले की तपासणी थांबते. याच भीतीने तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणातून ‘वार्धक्य’ हा शब्द वगळला. शिवाय पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास करीत आहेत. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, तरीही आपल्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक. या चरबीच्या रूपाने मधुमेहाचे बीज गर्भातच पडत असेल, तर त्याचा दोष म्हातारपणाला कसा द्यायचा?

जास्वंद:
वडिलांच्या बाबतीत जे घडले ते अक्षम्य आहे, आणि ‘वयोमानानुसार’ हे निदान नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण वार्धक्य म्हणताना मला केवळ साठीनंतरचा काळ अभिप्रेत नाही. तीन महिन्यांची साखर मोजतो तेव्हा आपण हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतो. तांबडी पेशी १२० दिवसांत मोडीत निघते, त्यामुळे तिथला हिशेब पुसला जातो. डोळ्यातील भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने मात्र जन्माआधी तयार झालेली असतात आणि ती कधीच बदलली जात नाहीत. त्यांच्यावर हीच साखर वर्षानुवर्षे साचते, मधुमेहात अधिक वेगाने, आणि भिंग गढूळ होते. मग आपल्या गर्भातल्या बीजाने हीच झीज लवकर सुरू केली, असे का म्हणू नये?

उंबरठा:
भिंगाचे उदाहरण पटले, तरी उंदरांवरून माणसावर उडी घेऊ नये. वृद्ध पेशी नष्ट करणारे एक औषध गुडघ्याच्या संधिवातावर वापरून पाहिले गेले आणि २०२० मध्ये ते औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. याच पेशी जखम भरायला मदत करतात, हेही उंदरांतच दिसले आहे, तेव्हा त्या सरसकट काढून टाकणे वृद्ध मधुमेही रुग्णाच्या पायावरील जखमेला परवडेल का, याचे उत्तर आधी हवे.

दीपमाळ:
जास्वंद, झीज लवकर सुरू होते हे मी मानतो. पण मग पैसा गर्भवतीच्या ताटात आधी पडावा, हाच त्याचा अर्थ होतो, आणि त्यासाठी नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.