‘पेपर्स, प्लीज’मधले खोटे शिक्के: कौशल्य की निव्वळ छळ?

पिक्सेलपीडित: ‘पेपर्स, प्लीज’ या सीमाचौकीवर प्रवाशांचे कागद तपासायच्या व्हिडिओ गेमबद्दल "नीट बघितलं की बनावट कागद आपोआप दिसतात" अशी पोस्ट इथे फिरतेय. वाचून डोकंच फिरलं. परवान्यावरचा शिक्का जेमतेम चार पिक्सेलनी वेगळा, घड्याळ पळतंय, बाहेर रांग, आणि चुकलं की कर्रकर्र करत दंडाची चिठ्ठी. ही नेत्रतपासणी झाली, खेळ नव्हे.

नियमपुस्तिका: तुमचा क्रम चुकतोय. आधी मुदत, मग पासपोर्ट क्रमांक परवान्याशी जुळतो का, मग पासपोर्ट देणारं शहर, लिंग, फोटो. शिक्का सगळ्यात शेवटी. शंका आली तर तपासणी मोड चालू करून शिक्क्यावर आणि खेळातल्या नियमपुस्तिकेतल्या नमुन्यावर क्लिक करा. जुळतं की नाही ते खेळच सांगतो, डोळे फोडायची गरज नाही.

पिक्सेलपीडित: वा! प्रत्येकाचा शिक्का असा ताडत बसलो तर संध्याकाळी सहापर्यंत माणसं किती होणार? माणशी कमाई 5 क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे. त्यात भाडं, जेवण, औषध.

ग्लोरियनग्रस्त: शिक्क्यांचं काय घेऊन बसलात? खरा फास शहरांचा आहे. ग्लोरियन अँटेग्रियाचं, ट्रू ग्लोरियन रिपब्लियाचं. पूर्व ग्रेस्टिन आर्स्टोट्झ्काचं, म्हणजे खेळातल्या आपल्याच देशाचं, पश्चिम ग्रेस्टिन कोलेचियाचं. सात देश, प्रत्येकी तीन शहरं. ही 21 नावं पाठ नसतील तर रोज पुस्तिका चाळण्यातच वेळ जातो.

नियमपुस्तिका: पाठ करा की मग! आणि पिक्सेलराव, दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, दंड तिसरीपासून. तोवर शिक्के वरवर बघितले तरी खिशाला झळ नाही.

कालेन्स्कचा_भागीदार: खोटा कागद सापडला तर परत कशाला पाठवता? अटक करा. दोन अटकांमागे चौकीवरचा पहारेकरी कालेन्स्क 5 क्रेडिट देतो.

ग्लोरियनग्रस्त: म्हणजे एका अटकेचे अडीच, आणि तेवढ्यासाठी समोरच्याला तुरुंगात? छापखान्याच्या चुकीने शहराचं नाव बदललेलंही असू शकतं.

कालेन्स्कचा_भागीदार: छापखान्याची चूक? या खेळात? आधी विसंगती दाखवून जाब विचारा, मग अटकेचं बटण समोर येतं. ते वापरायचं की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. प्रवचन नको.

ग्लोरियनग्रस्त: प्रवचन कोण देतंय? लाच घेऊन वर हिशेब शिकवताय!

नियमपुस्तिका: भांडा खुशाल, पण वजन विसरू नका. काउंटरवर दिसणारं वजन आणि ओळखपुरवणीतलं (उंची-वजन लिहिलेल्या कागदातलं) वजन यात फरक पडला की स्कॅनर चालवायचा. बहुतेकदा कपड्यांखाली काहीतरी बांधलेलं निघतं. शिक्का अस्सल असूनही माणूस अडकतो. मुत्सद्द्यांच्या पत्रात शिक्का पाहण्याआधी देशांची यादी वाचा. त्यात आर्स्टोट्झ्का नसेल तर विषय संपला.

पिक्सेलपीडित: बरं बाबा, शिक्का शेवटी बघेन, तुमचंच खरं. पण एंडलेसमधल्या, म्हणजे कथेविना चालणाऱ्या मोडमधल्या, परफेक्शन प्रकारात पहिल्याच चुकीला खेळ खलास. तिथे तुमच्या दोन ताकिदींचं लोणचं घालू का?

नियमपुस्तिका: तिथे घड्याळाची घाई नसते. प्रत्येक शिक्का ताडा.