पेशी विभागायची थांबते हा बिघाड की संरक्षण?

सौदामिनी: टेलोमिअर (गुणसूत्राच्या टोकाचं टोपण) लांबवून तारुण्य देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती हल्ली सारख्या दिसतात म्हणून धागा काढतेय. माझ्या मते पेशीचं थांबणं हे कॅन्सरपासूनचं संरक्षण आहे, त्याच्याशी खेळू नये. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की माणसाच्या निरोगी पेशी प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये साधारण ४०-६० वेळा विभागतात आणि मग थांबतात, मरत नाहीत बरं का, जिवंत असतात पण विभागत नाहीत. दर विभाजनात गुणसूत्राच्या टोकाचा टेलोमिअर थोडा झिजतो, फारच आखूड झाला की पेशीला वाटतं डीएनए तुटलाय आणि पी५३ हे प्रथिन विभाजन बंद पाडतं. टेलोमरेज एन्झाइम ही झीज भरून काढतं, पण आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं. कॅन्सरच्या ८५-९० टक्के गाठींत मात्र चालू! मग ते सरसकट चालू करायचं?

रानवारा: साफ असहमत. थांबलेली पेशी गप्प बसते का? ती सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते, शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढल्या तर मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली, २०१६ मध्ये साध्या उंदरांचं आयुष्यही वाढलं. तरुणपणी वाचवणारी गोष्ट म्हातारपणी जिवावर उठते, तिला नुसतं संरक्षण कसं म्हणायचं?

सौदामिनी: पण थांबलेल्या पेशी काढणं आणि टेलोमरेज चालू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीला माझा एवढा विरोध नाही. तरी सरसकट काढू नका, याच पेशी जखम भरायला मदत करतात, त्या काढलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरल्या.

प्रश्नचिन्ह: तुम्ही दोघं टेलोमिअरलाच चिकटून बसलाय असं वाटतंय. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब, जगतो जेमतेम दोन-तीन वर्षं. त्याच्या पेशी २० टक्के ऑक्सिजनमध्ये थांबतात, ३ टक्क्यांत ठेवल्या की विभागत राहतात, म्हणजे तिथे डीएनएला ऑक्सिजनने होणारी इजा महत्त्वाची, टोकाची झीज नाही. आणि मेंदूतले बहुतेक न्यूरॉन तर जन्मानंतर विभागतच नाहीत, तरी म्हातारे होतात. ते कशामुळे?

रानवारा: @प्रश्नचिन्ह, न्यूरॉनचा मुद्दा मान्य, झीज हे एकच कारण नाहीच. पण @सौदामिनी, १९९८ मध्ये माणसाच्या पेशींत टेलोमरेज घातलं तेव्हा त्या नेहमीची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या आणि कॅन्सरच्या झाल्या नाहीत, त्याचं काय?

सौदामिनी: त्या डिशमधल्या पेशी हो! आख्ख्या शरीरात आधीच बिघडलेल्या पेशी कुठे ना कुठे असतातच, त्यांना टेलोमरेज मिळालं तर? टेलोमिअर सांभाळणाऱ्या पीओटी१ जनुकातल्या काही दोषांमुळे ज्या घराण्यांत टेलोमिअर जन्मतःच लांब असतात तिथे मेलॅनोमासारखे (त्वचेचा एक कॅन्सर) कॅन्सर जास्त आढळतात. हे उदाहरण खऱ्या माणसांचं आहे, गोळ्या विकणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.