अनुभव धागा: रीलमधले ‘अल्फा’ आणि आपल्या घरातले मुलगे

अकरावी-बारावीच्या मुलांच्या बोलण्यात ‘अल्फा’, ‘सिग्मा’, ‘हाय व्हॅल्यू’ हे शब्द आता सर्रास येतात, म्हणजे इतरांवर वरचढ ठरणारा पुरुष, आणि त्यामागे अँड्र्यू टेट हा ‘पुरुषत्वाचे’ धडे देणारा माजी किकबॉक्सर किंवा त्याची नक्कल करणारा कुणीतरी हिंदी बोलणारा असतो. या मुलांशी ज्यांचा कामानिमित्त रोज संबंध येतो, त्यांनी इथे लिहावं. आपली कहाणी नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे चुकतं, ते नेमकं सांगा.

व्हिडिओ संकलक, म्हापसा

आधी हे यंत्र समजून घ्या. टेटच्या ऑनलाइन कोर्सची वर्गणी महिन्याला सुमारे ५० डॉलर होती. नवा सभासद आणणाऱ्याला कमिशन मिळायचं, म्हणून हजारो पोरं त्याच्या मुलाखतींचे तुकडे कापून आपापल्या खात्यांवर टाकत राहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने त्याला काढलं, तरी तुकडे राहिले, कारण ती खाती त्याची नव्हतीच. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे. इथे सगळं आलं ते रील्स आणि शॉर्ट्समधून.

मुलासोबत एक रील आवाज बंद करून बघा. गाडी, घड्याळ, सिगार, संपलं. मग आवाज लावून पहिली दोन सेकंदं ऐका: तिथे बघणाऱ्याचा अपमान असतो. शेवटी प्रोफाइलमधली लिंक उघडा. बहुतेक वेळा ती कसल्यातरी कोर्सच्या पैसे भरण्याच्या पानावर जाते. ही तीन पावलं मुलाने स्वतः टाकली की पुढचं फार बोलावं लागत नाही.

फीड बदलायचं तर यूट्यूबवर तीन ठिपके दाबून ‘या चॅनेलची शिफारस करू नका’ निवडा आणि पाहिलेल्या व्हिडिओंच्या इतिहासातून ते व्हिडिओ काढा. नुसतं ‘रस नाही’ दाबणं पुरत नाही. इन्स्टाग्रामवर सेटिंग्जमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करता येतो. पण फॉलो केलेली खाती तशीच राहतात, ती आधी सोडावी लागतात. हे मुलाच्या हातून करून घ्या. रात्री तो झोपल्यावर गुपचूप केलंत, तर सकाळी त्याचं दुसरं खातं तयार. आणि ‘बघा काय हे’ म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर तेच रील पाठवू नका. रागाने शेवटपर्यंत बघणं आणि शेअर करणं यानेही ते रील आणखी पसरतं.

समुपदेशक, फोंडा

टेटला डिसेंबर २०२२ मध्ये रोमानियात अटक झाली, २०२३ मध्ये मानवी तस्करी आणि बलात्काराचे आरोप ठेवले गेले. तो ते नाकारतो. पालक ही बातमी हुकमाच्या पानासारखी टाकतात आणि ती वाया जाते, कारण ‘खरं बोलणाऱ्याला व्यवस्था अडकवते’ हे मुलाला आधीच पढवलेलं असतं.

पहिला प्रश्न असा असावा: “यातलं तुला पटलं काय?” उत्तर बहुधा व्यायाम, लवकर उठणं, पैसे कमावणं असं येतं. ते मान्य करा, मनापासून. मग बाईबद्दलची वाक्यं वेगळी काढून विचारा, हे तुझ्या बहिणीला लागू करशील? समोरासमोर बसवून नको, गाडीत शेजारी बसून, दहा मिनिटं, बस्स.

‘अल्फा’ शब्दाची गोष्ट मुलांना आवडते. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं, पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे कल्पना पसरली. १९९९ मध्ये मेक यांनीच मांडलं की जंगलातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं. म्हणजे ‘अल्फा’ कोण, तर आई आणि बाप.

झोप उडाली, मित्र तुटले, वर्गातल्या मुलींशी बोलणंच थांबलं, तर वाट बघू नका. १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, मोफत आहे. पर्वरीला ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, बांबोळीला मनोरुग्णालय आहे.

जिम प्रशिक्षक, मडगाव

संकलकबाब म्हणतात त्या दोन सेकंदांतला अपमान बहुतेकदा शरीराचा असतो. ‘लिव्हर किंग’ नावाचा अमेरिकी इन्फ्लुएन्सर कच्चं काळीज खाऊन शरीर कमावल्याचं सांगायचा. डिसेंबर २०२२ मध्ये स्टेरॉइड घेत असल्याचं त्यानेच कबूल केलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. काही भागाचं इस्ट्रोजेन होतं आणि छाती स्त्रीसारखी फुगते. मुलाला हे याच शब्दांत सांगा.

वजनं उचलणाऱ्या ६० किलोच्या मुलाला किलोमागे १.६ ग्रॅम धरून दिवसाला साधारण ९५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोनशे ग्रॅम बांगडा ४०, चार अंडी २४, दोन वाट्या अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा, १५, अर्धा लिटर दूध १६. झाले की! प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज नाही. वजन एका वेळी अडीच किलोनेच वाढवायचं, आणि शेवटच्या दोन उचलींत पाठ वाकली तर तेही नाही. जबडा धारदार करायला जीभ टाळूला दाबून धरतात, त्याने हाड बदलत नाही.

वकील, पणजी

‘लग्न केलंस तर बायको अर्धं घेऊन जाईल’ हे रील परदेशातल्या कायद्यावर बनलेलं असतं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंबकायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर थोडे अपवाद सोडून दोघांचीही मालमत्ता सामाईक होते. तिच्या माहेरची वाटणीसुद्धा त्यात येते, हे रीलवाल्याला ठाऊक नसतं. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. मुलगा-मुलगी समान वारस. वेगळी व्यवस्था हवी असेल तर करार लग्नाआधीच करावा लागतो. लग्न झाल्यावर विचारायला येणाऱ्यांना काही करता येत नाही. म्हणून भीती वाटणाऱ्या मुलाला हे विशीतच सांगा. मोघम धीर देण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

नाट्यदिग्दर्शक, पेडणे

बाईसारखं वागणं म्हणजे कमीपणा, हे रीलमधलं खूळ तालमीत उतरवता येतं. दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका, पुरुषच करतो आणि त्याला गावात कुणी कमी लेखत नाही. तोच शिगम्याला रोमटामेळात, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीत, ढोल उचलतो. नव्या मुलाला पहिल्या तालमीपासूनच नऊवारी नेसवावी, काष्टा आधी घट्ट बसवावा, नाहीतर पावलं लांब पडतात आणि निरी सुटते. मग चालणं, मग नजर, आवाज सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी पोरं खिदळतातच. त्या वेळी दिग्दर्शक हसला की पुढे ती भूमिका थट्टेचीच होते. न हसता निरी परत बांधून द्यायची आणि प्रवेश पहिल्यापासून घ्यायचा.