सोलारिस (१९७२) अर्धवट सोडलाय, पुढे बघू का?

सोव्हिएत दिग्दर्शक तारकोव्स्कीचा सोलारिस हा पिक्चर काल लावला, पावणेतीन तासांचा आहे, त्यात मधेच कितीतरी मिनिटं नुसती गाडी, बोगदे, रस्ते, तिथे बंद केला. पण डोक्यातून जात नाहीये. पुढे काही घडतं का?

उत्तर १: अरे बघच! नायक केल्विन सोलारिस ग्रहाजवळच्या अंतराळ स्टेशनवर पोचला की पकड येते. त्या ग्रहावरचा समुद्र माणसांच्या आठवणीतून माणसं घडवतो, केल्विनची आत्महत्या केलेली बायको हारी येऊन बसते आणि हा घाबरून तिला रॉकेटमध्ये घालून पाठवून देतो, तरी ती परत येतेच. आणि ती त्याच्या आठवणीतूनच बनलीये ना, मग ती खरी किती? माझी आई गेल्यावर बघितला, तिचा आवाज मला आता फक्त फोनवरचा "पोचलास का" एवढाच आठवतो, म्हणून फार लागला.

उत्तर २: तो रस्ता टोकियोतला आहे. लायब्ररीतला सीन चुकवू नकोस, दोघं तरंगतात आणि मागे बाखचं संगीत. मूळ कादंबरी पोलिश लेखक लेमची, १९६१ ची, त्याला पिक्चर आवडला नव्हता, त्याला समुद्राचं गूढ महत्त्वाचं होतं. मला मात्र हारीच जवळची वाटते.

प्रश्नकर्ता: आज रात्री परत लावतो, फोन बाजूला ठेवून.