गठ्ठा आडवा नको, उभा लावा

घरात न वाचलेल्या पुस्तकांचा गठ्ठा साठला की ‘आधीची संपेपर्यंत नवं पुस्तक घ्यायचं नाही’ असा नियम सुचवला जातो, पण पहिलं पुस्तक प्रदर्शन लागलं की तो मोडतो. त्यापेक्षा हिशोब करा. मराठी कादंबरीच्या एका पानाला साधारण दोन मिनिटं. रोज 20 मिनिटं काढली तर 10 पानं, म्हणजे 240 पानांचं पुस्तक 24 दिवसांत हातावेगळं. वर्षाला 15. घरात 60 साठली असतील तर तो चार वर्षांचा ऐवज आहे, आणि त्यातली निम्मी आपण वाचणार नाही हेही मान्य करून टाका.

ती 20 मिनिटं सलग मिळत नाहीत, खरी गोची इथे आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत किंवा मुलांच्या क्लासबाहेर कथा, ललित, गेल्या वर्षीचे दिवाळी अंक छान उरकतात. कादंबरी अशी तुकड्यांत वाचली की पात्रांची नावं विसरतात, मागची चार पानं पुन्हा चाळावी लागतात आणि पुस्तक तिथेच पडतं. ती रात्रीसाठी ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून.

आडव्या चळतीतलं तळाचं पुस्तक काढायचा कंटाळा येतो, शिवाय पावसाळ्यात त्यालाच आधी कसर लागते. उभी लावा, भिंतीपासून दोन बोटं सोडून. चालू पुस्तकं दोनच, तीही कपाटाबाहेर, डोळ्यांसमोर.

50 पानांत रस आला नाही तर देऊन टाका. फक्त न विचारता वाचनालयात पोतं नेऊ नका. जागेअभावी बरेच जण नाही म्हणतात.