ईईजीला घाबरू नका, ताई

एका ताईंनी विचारलंय, ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) किंवा एमआरआय (मेंदूचा स्कॅन) यांवरून मुलाचा ऑटिझम (स्वमग्नता) कळतो का? नाही, ताई. निदान वागण्या-बोलण्याच्या निरीक्षणावरूनच होतं. एमआरआय बहुतेकदा नॉर्मल येतो. पण या मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मूल मध्येच एकटक बघत थांबत असेल, हाक मारून, हात लावूनही भानावर येत नसेल, तर तीही फिट असू शकते; डॉक्टरांना ईईजीचं जरूर विचारा. १९२४ साली जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली, तीच ही तपासणी. डोक्याला फक्त तारा चिकटवतात, शॉक अजिबात नसतो. आमच्या पोराला ईईजीच्या आदल्या रात्री कमी झोपवायला सांगितलेलं, म्हणून पहाटे चारला त्याला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरवत होतो. तिथंच तो पहिल्यांदा माझं बोट धरून चालला.