शब्दचर्चा: हत्तीरोगाच्या संदर्भात 'प्रतिकारशक्ती' हा शब्द

सातरस्ता, शिक्षिका: हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल पालकांसाठी पत्रक लिहितेय. 'प्रतिकारशक्ती कमी झाल्याने हत्तीरोग होतो' हे वाक्य बरोबर आहे का? आणि 'हत्तीपाय' लिहू की 'हत्तीरोग'?

निवृत्त लॅब टेक्निशियन: ताई, ते वाक्य काढाच. रोग क्युलेक्स डासामार्फत शिरलेल्या जंतामुळे होतो. आम्ही रात्री 10 ते 2 मध्ये रक्त घ्यायचो, कारण मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंताची सूक्ष्म पिल्लं, तेव्हाच वरच्या रक्तात येतात. ज्यांच्या रक्तात ते सापडत, त्यांचे पाय बहुधा ठणठणीत असत; ज्यांचे पाय सुजलेले, त्यांचं रक्त पुष्कळदा कोरं. पहिल्या गटात जंत शरीराचा प्रतिसाद दाबून ठेवतो. दाह आवरणारं इंटरल्युकिन-10 हे प्रथिन वाढतं, जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी थंडावतात, म्हणून तो 6 ते 8 वर्षं आरामात नांदतो. दुसऱ्या गटात जंत मेल्यावर शरीर जोरात उठतं आणि त्या दाहात लसीकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, निकामी होतात. वर त्वचेच्या जखमांतून जिवाणू शिरले की सूज आणखी वाढते. आता यात 'शक्ती' कमी की जास्त? दोन्ही. मी 'प्रतिकारयंत्रणा' लिहिलं असतं.

साखर पेठ: आमच्या तेलुगू घरात 'बोदकालू', शेजारचे कानडी 'आनेकालू' म्हणतात. आयुर्वेदातला 'श्लीपद' हा शब्दही पायावरच थांबतो. पण हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात पाणी साचणं, हाही याच रोगाचा प्रकार. त्यामुळे 'हत्तीपाय' लिहिलंत तर हायड्रोसील झालेला माणूस पत्रक वाचून म्हणेल, आपल्याला काय त्याचं! 'हत्तीरोग'च बरा.

सातरस्ता, शिक्षिका: पटलं. पहिल्या गटासाठी 'सहनशीलता' चालेल?

निवृत्त लॅब टेक्निशियन: नको, तो सद्गुण वाटतो. पुस्तकी 'प्रतिक्षमता'ही पालक वाचणार नाहीत. सरळ लिहा: 'जंत शरीराला गाफील ठेवतो, म्हणून त्रास नसला तरी गोळ्या घ्या.' 'गाफील'मध्ये अर्धी इम्युनॉलॉजी आली.

साखर पेठ: आणि गोळीनंतर ताप आला की आमच्याकडे 'गोळी उष्ण पडली' म्हणतात, पुढच्या वर्षी घेतच नाहीत.

निवृत्त लॅब टेक्निशियन: तो ताप बहुधा मरणाऱ्या मायक्रोफायलेरियांचा. त्यांच्यातून वोल्बाकिया नावाचे जिवाणूही सुटतात, मग गाफील यंत्रणा जागी होते. 'उष्ण पडली' खोडायला जाऊ नका, कोणी ऐकणार नाही. पुढे एवढंच जोडा: 'रक्तातले जंत मरताना असा ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो, न उतरल्यास दवाखान्यात दाखवा.'